आई मराठी, अप्पा तमिळ, बाहेर कन्नड, शाळेत इंग्लिश: घरात एकापेक्षा जास्त भाषा असताना मुलांना कसं वाढवायचं

आधी आमच्या घराचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी मिरजेची, नवरा तिरुचीचा, राहतो बेंगळुरूला. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्लिशमध्ये बोलतो कारण ओळख ऑफिसात झाली आणि तीच सवय लागली ती लागली. मुलांना सांभाळायला येणाऱ्या अक्का कन्नड. मोठा मुलगा आता पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मोठ्याच्या वेळी बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या काही निस्तरल्या, काही अजून निस्तरतेय, आणि गेल्या वर्षभरात तीन-चार मैत्रिणींना फोनवर तेच तेच सांगून झालं म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

माझ्या मते सगळा मामला दोन गोष्टींवर आहे. मूल ती भाषा दिवसातून किती वेळ ऐकतं, आणि ती बोलल्याशिवाय त्याचं कुठे काही अडतं का. बाकी ॲप, फ्लॅशकार्ड, खेळणी सगळं नंतर.

तास मोजा

खरंच कागद-पेन घेऊन बसा. लहान मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे ८४ तास. मोठा दोन वर्षांचा असताना मी हा हिशोब मांडला आणि गारच पडले. डेकेअर रोजचे ८ तास, पाच दिवस, ४० तास तिथेच गेले, इंग्लिश आणि कन्नडमध्ये. संध्याकाळी अक्कांबरोबर आठवड्याचे ८. मग मॉल, मित्रमंडळी, टीव्ही आणि आम्हा नवरा-बायकोचं आपसातलं इंग्लिश मिळून २२. राहिले १४, त्यातले मराठीचे ९ आणि तमिळचे ५. आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते की आमचा मुलगा घरी मराठी-तमिळ बोलतो म्हणून!

हा कागद फ्रिजवर लावा. त्यात बघायचं एवढंच की कुठली भाषा तुम्ही न देताही मिळणार आहे. बेंगळुरूत इंग्लिश मिळणारच, शाळेत, लिफ्टमध्ये, बर्थडे पार्टीत, सगळीकडे. मुंबईत हिंदी मिळणारच. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल तर इंग्लिशची काळजी करणं म्हणजे पावसाळ्यात कोकणात पाण्याची काळजी करण्यासारखं आहे. घरातले तास त्या भाषेला द्या जिला बाहेर कोणी विचारत नाही.

कोण कुठली भाषा बोलणार ते ठरवा

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा मार्ग म्हणजे एक माणूस एक भाषा. आई आपली भाषा बोलणार, बाबा आपली. ही कल्पना काही आजकालची नाही, ज्यूल राँजा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मोरिस ग्रामाँच्या सल्ल्यावरून आपल्या मुलाला असंच वाढवलं, स्वतः फ्रेंच बोलायचा, बायको जर्मन, आणि १९१३ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. मुलगा दोन्ही भाषा छान बोलायला लागला.

पण यात एक गोम आहे. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात ॲनिक डे हाउवर या बाईंनी सुमारे १९०० घरांची पाहणी केली होती, २००७ साली ती छापून आली. त्यात दिसलं की एक माणूस एक भाषा करणाऱ्या घरांमधली साधारण तीन चतुर्थांश मुलं बाहेर न चालणारी भाषा बोलत होती, उरलेली नव्हती बोलत, समजत असेल कदाचित पण बोलत नव्हती. याउलट जिथे आईवडील दोघंही घरात तीच भाषा बोलायचे तिथे जवळपास सगळी मुलं बोलत होती. आणि जिथे दोघंही डच बोलायचे आणि एकच जण अधूनमधून दुसरी भाषा, तिथे जेमतेम एक तृतीयांश.

म्हणून माझं स्पष्ट मत, तुम्ही दोघंही मराठी असाल आणि महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर "एकाने इंग्लिश बोलू, एकाने मराठी" हा उद्योग करूच नका. दोघांनी मराठी बोला, विषय संपला. आमच्यासारखं दोघांच्या भाषाच वेगळ्या असतील तर एक माणूस एक भाषा ठीक आहे, पण ते कसोशीने पाळावं लागतं. एकटीने मूल वाढवत असाल किंवा एकाच माणसाला दोन भाषा द्यायच्या असतील तर जागा किंवा वेळ वाटून घ्या, म्हणजे समजा आंघोळ आणि जेवण मराठीत आणि बागेत कोकणी, असं काहीतरी ठरलेलं. गोव्यातल्या माझ्या एका मैत्रिणीकडे हेच चालतं, मराठी-कोकणी इतक्या जवळच्या आहेत की पोरगी दोन्हींची खिचडी करते, पण पाहुण्यांसमोर बरोबर वेगवेगळी वाढते.

नवरा-बायकोच्या मधली भाषा

हे कोणी सांगत नाही. मुलाशी मी मराठी बोलले, नवरा तमिळ बोलला, आणि मग जेवताना दोघं एकमेकांशी अर्धा तास इंग्लिशमध्ये बोलत बसलो. मुलाला काय कळलं? की मोठ्या माणसांची महत्त्वाची भाषा इंग्लिश आहे. आई-अप्पा दोघांनाही ती येते, मग मी कशाला कष्ट घेऊ?

यावर आम्ही काढलेला तोडगा असा की जेवणाच्या टेबलावर मी नवऱ्याशी मराठीत बोलायचं आणि त्याने तमिळमध्ये उत्तर द्यायचं. पहिले दोन महिने भयंकर गेले, काहीही सांगायचं तर तीनदा सांगावं लागायचं, एकदा "उद्या गॅसवाला येणार आहे" हे न कळल्यामुळे तो घर बंद करून निघून गेला आणि सिलिंडर परत गेला. पण सहा महिन्यांत त्याला माझं ऐंशी टक्के कळायला लागलं. नात्यांच्या शब्दांनी तर मजाच आणली, मामा दोन्हीकडे मामाच, अक्का दोन्हीकडे अक्का, माझी आत्या म्हणजे त्यांची अत्तै. आणि एक गंमत म्हणजे मराठीत आपण आणि आम्ही वेगळे ना, ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून, तसेच तमिळमध्ये नाम आणि नांगळ वेगळे. हा फरक इंग्लिशमध्ये नाही. त्यामुळे आमच्या पोराला "आपण जाऊया" आणि "आम्ही जाणार" कधी शिकवावं लागलं नाही, दोन्ही बाजूंनी आपोआप मिळालं.

जोडीदाराची भाषा बोलता आली पाहिजे असं नाही, कळली तरी पुष्कळ. नाही कळली तर तो बिचारा मुलासमोर बाहेरचा पडतो आणि मग "काय बोलताय तुम्ही दोघं, इंग्लिशमध्ये बोला ना" सुरू होतं, आणि तिथेच गाडी घसरते.

पहिलं वर्ष: बाळाला काही कळत नाही असं समजू नका

कॅनडात १९८४ साली जॅनेट वर्कर आणि तिच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला होता, तो मराठी माणसाने वाचावा असाच आहे. घरात फक्त इंग्लिश ऐकणाऱ्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आपला त आणि ट यातला फरक ऐकू येत होता. हिंदीतले आवाज घेतले होते, पण त-ट आपलेच. दहा-बारा महिन्यांपर्यंत त्यांचा तो फरक ओळखणं जवळपास गेलेलं. म्हणजे पहिला वाढदिवस होईपर्यंत कान परक्या आवाजांचं दुकान बंद करून मोकळा होतो. मग मी बारा वर्षांच्या अमेरिकन भाच्याला "ताट म्हण" म्हटलं की तो टाट का म्हणतो ते कळलं. (नंतर शिकता येत नाही असं नाही, पण मेहनत पडते.)

दुसरा प्रयोग सिॲटलचा, पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ चा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, खेळली, पुस्तकं वाचली, फक्त १२ वेळा. बाळांना चिनी आवाजातले फरक कळायला लागले. दुसऱ्या गटाला तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. काहीही झालं नाही, शून्य. तेव्हा मराठी बडबडगीतं यूट्यूबवर लावून बाळाला समोर बसवलं की मराठी येईल या भ्रमात राहू नका. मी स्वतः राहिले होते.

करायचं काय, तर बोलायचं. मालिश करताना, लंगोट बदलताना, भाजी चिरताना, "आता आई कांदा कापणार, आई गं डोळ्यात पाणी आलं बघ, आता मोहरी टाकू, तडतड तडतड". वेड्यासारखं वाटतं पहिले काही दिवस, विशेषतः माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या बाईला. चिऊ-काऊचा घास, बोटांचे खेळ, मांडीवर झुलवत म्हणायची गाणी, आजीने आपल्याला म्हटलेलं सगळं बाहेर काढा. नवऱ्याला सांगितलं की तू तिरुचीला फोन करून पाट्टीकडून, म्हणजे आजीकडून, तुमची गाणी लिहून घे, तर त्याला दहा मिळाली आणि तो चक्क रडला फोनवर, असो.

दीड ते तीन: खिचडी होणार, होऊ द्या

मोठा दोन वर्षांचा असताना मला म्हणायचा "आई, तण्णी दे". तण्णी म्हणजे तमिळमध्ये पाणी. सासूबाई म्हणाल्या गोंधळलाय पोरगा, माझी आई म्हणाली गोंधळलाय. गोंधळला नव्हता. त्याच्याकडे पाण्याला एकच शब्द तयार होता, तो त्याने वापरला. आपण नाही का म्हणत "अरे ते चार्जर कुठंय"? त्याच वयात तो नको म्हणायचं असेल तर मला "नको", अप्पाला "वेंडाम" आणि अक्कांना "बेडा" म्हणायचा, कधीच चुकला नाही. ज्याला हे जमतं त्याला कसला गोंधळ.

अशा वेळी काय बोलायचं हे मात्र शिकावं लागतं. "मराठीत बोल!" म्हणून दरडावू नका, मूल गप्प बसतं नाहीतर रडतं. मी असं करते. तो म्हणाला "आई, तण्णी दे", की मी "पाणी हवंय? थंड पाणी की साधं पाणी?" म्हणजे शब्द त्याच्या कानावर दोनदा पडला आणि उत्तरासाठी तोच लागला. तीन वर्षांनंतर थोडं ताणून धरायला हरकत नाही, "काय रे, काय हवंय?" असं परत विचारायचं, शांतपणे, तोंडावर हसू ठेवून. न कळल्याचं नाटक मी फार करत नाही, पोरांना कळतं की आईला कळलंय. पण एकच करू नका, मुलाने इंग्लिशमध्ये विचारलं म्हणून आपणही इंग्लिशमध्ये सुरू. मुलाच्या तोंडात कुठली भाषा आहे याचा हिशोब ठेवण्यापेक्षा आपल्या तोंडात कुठली आहे त्याचा ठेवा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. आमच्या घरी मराठी बोलणारी मी एकटी. मुलगा अडीच वर्षांचा झाला आणि म्हणायला लागला "आई मी येते", "मी जेवले". अर्थात, त्याने "मी" नंतरचं क्रियापद ऐकलंच होतं ते फक्त माझ्या तोंडून! तमिळमध्ये मी आलो आणि मी आले एकच, तिथे प्रश्न येत नाही, मराठीत येतो. मी हसून "मी जेवलो म्हण" सांगत राहिले, दोन दिवस टिकायचं आणि परत तेच. शेवटी माझ्या बाबांना आणि भावाला कामाला लावलं, रोज संध्याकाळी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, आजोबा सांगणार "मी आज बाजारात गेलो, मी पेरू आणले, मी पडता पडता वाचलो", आणि पोराला त्याचं त्याने सांगायचं. दीड महिन्यात फरक दिसला. मुलगा असेल आणि मराठी बोलणारी फक्त आई असेल, किंवा मुलगी असेल आणि मराठी फक्त बाबांची असेल, तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या बाजूचा आवाज शोधून ठेवा. मामा, आजोबा, सोसायटीतले मराठी काका, कोणीही चालेल.

इंग्लिश नामं घुसवलेलं मराठी

हे महाराष्ट्रातल्या घरांसाठीही आहे. "बेटा हँड वॉश कर, मग ॲपल खा, बघ बघ डॉगी आला". मागच्या मेमध्ये मिरजेला गेलो तेव्हा माझी स्वतःची मावशी, जिला इंग्लिश धड येत नाही, ती नातवाशी असं बोलत होती. मी म्हटलं मावशी तू असं का बोलतेस, तर म्हणाली तो इंग्लिश शाळेत आहे ना गं, त्याला कळायला हवं. आजी-आजोबांना प्रेमाने सांगा की तुम्ही तुमचंच बोला, सफरचंद म्हणा, कुत्रा म्हणा, तुमच्याकडे जी भाषा आहे ती आमच्याकडेही नाही. टेबल, बस, मोबाईल याबद्दल मी भांडत नाही, ते मराठीच झालेत. पण हात, डोळा, पाऊस, लाल, गाय हे तरी राहू द्या.

आजी-आजोबा म्हणजे गरज निर्माण करणारी माणसं. माझ्या आईला तमिळ येत नाही आणि इंग्लिश जेमतेम, म्हणून पोराला लाडू हवा तर मराठी लागते. वर्षातून दोनदा, एकदा तीन आठवडे आणि एकदा आठवडाभर, राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून मिरज गाठतो, आणि मी मुद्दाम दोन दिवस त्याला तिथे ठेवून पुण्याला निघून जाते. तिथून परतताना पोरगा जे मराठी बोलतो, "हितं ये की", "कशाला ओरडालंयस", ते ऐकून नवऱ्याला डिक्शनरी लागते.

पुस्तकं

रोज झोपताना एक गोष्ट मराठीत, एक तमिळमध्ये. ही आमच्या घरातली एकमेव गोष्ट जी पाच वर्षांत क्वचितच चुकली. पैसे घालायची गरज नाही, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर हजारो चित्रगोष्टी फुकट आहेत आणि बऱ्याचदा तीच गोष्ट मराठीतही मिळते आणि तमिळमध्येही, म्हणजे सोमवारी आईने वाचलेली मंगळवारी अप्पाने वाचायची, पोराला कथा माहीत असल्यामुळे शब्द पटकन लागतात. थोडी मोठी मुलं असतील तर बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात.

लिहायला शिकवायची घाई मी केली नाही. शाळेत ए बी सी डी नीट बसली, पोरगा पाच पूर्ण झाला, मग रोज दहा मिनिटं देवनागरी, आणि सुरुवात त्याच्या नावाने, बाराखडीने नाही. तमिळ लिपी अजून सहा महिन्यांनी घेणार, कारण तिथे क ख ग घ सगळ्यांना मिळून एकच अक्षर आहे, एकदम दोन्ही घेतलं तर आमचा नवराच गोंधळेल.

शाळेतल्या बाई म्हणाल्या घरी इंग्लिश बोला

आम्हालाही म्हणाल्या. शाळेचं नाव नाही सांगत, बाई चांगल्या होत्या, पण मोठा पहिले तीन महिने वर्गात गप्प असायचा म्हणून त्यांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं. नव्या भाषेत टाकलेली मुलं काही महिने नुसती ऐकतात, ते नॉर्मल आहे. मी बाईंना वीस शब्दांची यादी लिहून दिली, "शू", "पाणी", "आई कधी येणार", "दुखतंय", असे, आणि त्यांना म्हटलं एवढे कळले तरी पुरे. चौथ्या महिन्यात तो इंग्लिशमध्ये इतका बडबडायला लागला की आता बंद कर म्हणायची वेळ आली. घरातली भाषा सोडली असती तर इंग्लिश तेवढंच आलं असतं आणि मराठी गेली असती.

उशीर वाटला तर

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं ही समजूत चुकीची आहे, त्यामुळे कोणी "एक भाषा बंद करा" म्हणालं तर लगेच ऐकू नका. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा, पाणी आणि तण्णी हे दोन शब्द आहेत. पण "दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर" असं म्हणून गप्पही बसू नका, ही उलटी चूक जास्त महागात पडते. वर्षाचं झालं तरी बबब-ममम नाही, बोट दाखवत नाही, नावाला वळत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना "आई ये" सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यातलं काहीही असेल तर आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला भेटा. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, इकडे म्हैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, १९६५ पासूनची. जाताना मूल कुठली भाषा कोणाशी किती बोलतं तो फ्रिजवरचा कागद घेऊन जा, फार उपयोगी पडतो.

लोकांसमोर

लिफ्टमध्ये, पार्टीत आपण आपोआप मुलाशी इंग्लिश बोलायला लागतो, लाज वाटते म्हणून, खोटं कशाला बोलू. मी नियम केला की मुलाशी मराठीच, आणि समोरच्यासाठी एक वाक्य इंग्लिशमध्ये. बाहेर दुसरी भाषा असली तरी घरची टिकते, याचं उदाहरण आमच्या जवळच आहे. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तमिळनाडूत अजून घरी मराठी बोलतात, त्यांची ती वेगळीच, जुनी, तमिळ वळणाची. नवऱ्याच्या शाळेतला एक मित्र त्यातलाच. तीनशे वर्षं बाजारात, शाळेत, देवळात सगळीकडे तमिळ, आणि चुलीपाशी मराठी. त्याला विचारलं तुमच्याकडे कसं टिकलं, तर म्हणाला आम्हाला लहानपणी माहीतच नव्हतं की आजीशी दुसऱ्या भाषेत बोलता येतं.

दुसरं मूल

इथे मी अजून चाचपडतेय. मोठा शाळेतून इंग्लिश घेऊन येतो आणि धाकटीशी तेच बोलतो, "कम हिअर बेबी". भावंडांची आपसातली भाषा आईवडिलांच्या हातात फारशी नसते असं दिसतंय. सध्या त्याला पद दिलंय, तू तिचा मराठी मास्तर, रोज तिला एक नवा शब्द तूच शिकवायचा. परवा त्याने तिला "खेकडा" शिकवला. ती आता दिसेल त्याला खेकडा म्हणते, अक्कांना पण.